काउंटर-पंचरला चढाई करावी लागते तेव्हा: तयारीच्या पायऱ्या

काउंटरवर खेळणारा बॉक्सर बहुधा तेज नजरेचा आणि सबुरीचा असतो. समोरच्याने ठोसा मारावा, तो चुकवावा आणि मारणाऱ्याची जी बाजू उघडी पडली तिच्यावर आपला हात पोचवावा, एवढ्या एका देवघेवीवर त्याचा सगळा खेळ उभा असतो. ही देवघेव सुरू करण्याचे काम तो समोरच्यावर सोपवतो. समोरच्याने ते काम नाकारले, किंवा पहिल्या राउंडमध्येच गुणांची आघाडी घेऊन तो निवांत मागे सरकू लागला, की वाट पाहणाऱ्याची पंचाईत होते. नागपुरातल्या जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन राउंडच्या मधल्या मिनिटाला कोपऱ्याजवळ उभे राहिले, तर स्टुलावर बसलेला मुलगा गमशील्ड काढता काढता "सर, तो येऊनच नाही राहिला" असे सांगताना ऐकू येतो, आणि जाणता प्रशिक्षक असेल तर त्याचे उत्तर असते, "अरे, पण तू त्याले बोलावून कुठं राहिला?"

हा लेख त्या बोलावण्याविषयी आहे. चढाई करणे भाग पडले म्हणून काउंटर-पंचरने डोके खाली घालून मारामारीवर उतरावे, हा सल्ला कोपऱ्यातून सर्रास दिला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. ज्याने वर्षानुवर्षे चुकवण्याचा सराव केला आहे, तो एका मिनिटात धडक मारणारा बॉक्सर होऊ शकत नाही; झाला तरी त्या खेळात जन्म घालवलेल्यापुढे तो कच्चाच ठरतो. त्याने करायचे ते वेगळे आहे. समोरच्याचा ठोसा आपल्या चढाईने ओढून काढायचा आणि मग नेहमीप्रमाणे त्यावर काउंटर मारायचा, म्हणजे आपलेच तंत्र दोन पावले पुढे नेऊन वापरायचे. खालच्या सूचना दोन्ही बॉक्सर ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे ठेवणारे आहेत असे धरून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: हिशोब

चढाईचा निर्णय भावनेने घ्यायचा नसतो, तो गुणांच्या हिशोबाने घ्यायचा असतो. हौशी बॉक्सिंगमध्ये १९९२ ते २०१२ या काळातल्या ऑलिंपिकमध्ये संगणकी गुणपद्धती होती. पाच जजपैकी तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई, आणि त्यामुळे स्वच्छ, सुटा, लांबून दिसणारा काउंटर सोन्याच्या मोलाचा होता. दोन-तीन गुणांची आघाडी घेऊन उरलेला वेळ मागे सरकत काढणे हे त्या काळी शहाणपणाचे डावपेच मानले जात. २०१३ पासून दहा गुणांची पद्धत आली. आता प्रत्येक जज पूर्ण राउंड पाहून विजेत्याला दहा आणि दुसऱ्याला बहुधा नऊ गुण देतो. लक्ष्यभागावर लागलेल्या दर्जेदार ठोशांची संख्या, तांत्रिक आणि डावपेचांतले वर्चस्व आणि लढण्याची जिद्द या गोष्टी तो तोलतो. नुसते मागे सरकणाऱ्याच्या पदरी या मोजणीत फारसे काही पडत नाही.

लढत तीन राउंडची असते, प्रत्येक राउंड तीन मिनिटांचा. पहिला राउंड पाचही जजच्या मते हरलात, तर जिंकण्यासाठी किमान तीन जजच्या कागदावर पुढचे दोन्ही राउंड तुमचे व्हावे लागतात. पहिले दोन्ही राउंड सर्वांच्या मते गेले, तर तिसरा राउंड १०-९ ने जिंकूनही बेरीज २८-२९ अशी होते आणि लढत हातची जाते; मग समोरच्याला आठच गुण मिळतील असा एकतर्फी राउंड घडवणे किंवा लढत थांबवायला लावणे एवढेच उरते. म्हणून चढाईचा निर्णय तिसऱ्या राउंडसाठी राखून ठेवणे हा आत्मघात आहे. तो पहिल्या राउंडच्या शेवटच्या मिनिटात घ्यावा, फार तर दुसऱ्याची घंटा होण्याआधी.

व्यावसायिक लढतीत उशिरा जागे होण्याला जागा असते. १६ सप्टेंबर १९८१ रोजी लास वेगासमध्ये शुगर रे लिओनार्ड आणि थॉमस हर्न्स यांची पंधरा राउंडची लढत झाली. ठोसेबाज म्हणून गाजलेला हर्न्स त्या दिवशी लांब जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या जोरावर दूर राहून खेळू लागला आणि रिंगमधला नर्तक समजला जाणारा लिओनार्ड एका सुजलेल्या डोळ्याने त्याचा पाठलाग करू लागला. बाराव्या राउंडनंतर लिओनार्डचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्याला खडसावले. तेराव्यात लिओनार्डने हर्न्सला दोरांवर ढकलले आणि चौदाव्यात रेफरीने लढत थांबवली. त्या क्षणी तिन्ही जजच्या कागदावर हर्न्स पुढे होता. बारा राउंड विचार करायला मिळाले म्हणून हे जमले. तीन राउंडच्या लढतीत तेवढा अवकाश कोणालाच नसतो, आणि त्यातले दुखणे अमित पंघालने टोकियो ऑलिंपिकमध्ये भोगले: कोलंबियाच्या युबेर्हेन मार्तिनेसविरुद्ध त्याने पहिला राउंड घेतला, पण पुढच्या दोन राउंडमध्ये मार्तिनेसच्या ठोशांचा ओघ वाढत गेला आणि लढत १-४ अशी गेली. पहिला राउंड जिंकल्यावरही काउंटर-पंचरला पुढे यावे लागू शकते, हे त्यातून दिसते.

हिशोबाचा आणखी एक भाग असा की समोरचा का येत नाही हे ओळखावे. तो आघाडीवर आहे म्हणून थांबला आहे, तोही काउंटर-पंचर आहे, की तो थकला आहे? थकलेल्यावर साधा दबाव पुरतो. आघाडीवर असलेल्याला दोरांशी कोंडावे लागते. तोही काउंटर-पंचर असेल तर सर्वांत सावध राहावे, कारण तुमचा ओढून काढायचा डाव त्याच्याही ओळखीचा असतो.

दुसरी पायरी: पवित्रा आणि अंतर

काउंटर-पंचरचे वजन सवयीने मागच्या पायावर असते. त्या पवित्र्यातून पुढे जायचे म्हटले की आधी वजन पुढे आणावे लागते, मग पाऊल, मग हात. तोवर समोरच्याला तिन्ही गोष्टी दिसून चुकलेल्या असतात. म्हणून वजन दोन्ही पायांवर सारखे आणा, मागची टाच किंचित उचललेली ठेवा आणि पवित्रा अर्धी वीत आखूड करा. पुढे जाताना पुढचा पाय आधी आणि मागचा तेवढाच ओढून. मागचा पाय पुढच्याच्या जवळ येऊन थांबला तर तोल गेला असे समजा.

सरावासाठी जमिनीवर खडूने तीन आडव्या रेषा काढाव्यात. पहिली रेषा अशी, की तिथून तुमचा जॅब समोरच्याला पोचत नाही. दुसरीवरून जॅब पोचतो. तिसरीवरून हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) आणि अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) पोचतात. काउंटर-पंचर पहिल्या आणि दुसऱ्या रेषेच्या मध्ये राहतो. चढाईत त्याने दुसऱ्या रेषेवर घर करायचे असते आणि तिसरीवर फक्त कामापुरते जाऊन यायचे असते. शॅडो बॉक्सिंगचे, म्हणजे समोर कोणी नसताना करायच्या सरावाचे, दोन राउंड रोज फक्त या रेषांवर पाय टाकण्यात घालवले, हात अजिबात वापरले नाहीत, तरी पंधरवड्यात फरक दिसतो. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. त्यांना बॅग हवी असते.

शैली बदलण्याची तयारी जिममध्ये किती आधी सुरू होते याचे टायसन फ्युरीचे उदाहरण ठळक आहे. १ डिसेंबर २०१८ रोजी डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध तो बहुतांश वेळ मागच्या पायावर खेळला आणि लढत बरोबरीत सुटली. २२ फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या लढतीआधी त्याने प्रशिक्षक बदलला, डेट्रॉइटच्या, आक्रमक खेळासाठी नावाजलेल्या क्रॉन्क जिमच्या परंपरेतल्या शुगरहिल स्टीवर्डकडे गेला, आणि पहिल्या वेळच्या २५६.५ पौंडांऐवजी २७३ पौंड वजन घेऊन उतरला, म्हणजे सुमारे साडेसात किलो जास्त. पहिल्या घंटेपासून तो मधोमध उभा राहून पुढे चालत होता. तिसऱ्या राउंडमध्ये वाइल्डर खाली गेला, पाचव्यात शरीरावरच्या ठोशाने पुन्हा गेला आणि सातव्यात त्याच्या कोपऱ्यातून हार मानणारा टॉवेल आला. या लढतीतून एवढेच घ्यावे की पुढे चालण्याचा निर्णय महिनोन् महिने आधी झाला होता आणि शरीरही त्यासाठी घडवले होते. आपल्याकडच्या हौशी बॉक्सरने वजन वाढवण्याचा भाग अर्थातच उचलू नये. वजनी गटाची वेस आड येते.

तिसरी पायरी: आत नेणारा जॅब

बहुतेक काउंटर-पंचरांचा जॅब अंतर मोजणारा असतो. हात पुढे जातो, चाचपतो आणि परत येतो. चढाईसाठी दुसरा जॅब लागतो, ज्याच्याबरोबर पुढचे पाऊलही पडते आणि ज्याच्या शेवटी खांद्याने हनुवटी झाकलेली असते. जॅब निघताना डोके मधल्या रेषेवरून तळहाताएवढे उजवीकडे सरकले पाहिजे, कारण समोरच्याचा काउंटर तुमचे डोके जिथे होते तिथे येणार आहे. हात गेला त्याच वाटेने हनुवटीपाशी परत यावा, खाली पडून वर्तुळ करत नव्हे. परतीच्या वाटेवर पडलेला हात हेच तर तुम्ही स्वतः इतकी वर्षे शोधत आलेला आहात.

एकच जॅब मारून थांबू नका. दोन मारा, आणि दुसरा वेगळ्या उंचीवर: पहिला कपाळाकडे, दुसरा छातीवर, किंवा उलट. छातीवरचा जॅब समोरच्याला दुखवत नाही, पण त्याचे पाय जागच्या जागी रोवतो, आणि रोवलेल्या पायांचा माणूस मागे सरकण्याऐवजी हात चालवतो. तुम्हाला नेमके तेच हवे आहे.

चौथी पायरी: हूल

ओढून काढण्याचे खरे काम हूल करते, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. खांद्याची हूल, पुढच्या पायाची हूल, गुडघ्याची हूल, नजरेची हूल असे तिचे प्रकार आहेत. हूल खरी वाटायची असेल तर तिची सुरुवात खऱ्या ठोशासारखीच झाली पाहिजे. याचा अर्थ असा की आधी खरा जॅब दोन-तीनदा लागायला हवा. ज्याला तुमच्या जॅबचा मार माहीतच नाही तो तुमच्या हुलीला का भुलेल?

हूल देऊन लगेच मारण्याची घाई करू नये. पहिल्या मिनिटात हूल फक्त प्रश्न म्हणून द्यावी आणि उत्तर पाहावे. उत्तरे चारच असतात. समोरचा मागे सरकतो, गार्ड वर उचलतो, हाताने ठोसा बाजूला ढकलायला जातो, किंवा स्वतः ठोसा मारतो. मागे सरकणाऱ्यावर दोन पावलांचा दुहेरी जॅब आणि उजवा. गार्ड उचलणाऱ्याच्या शरीरावर ठोसा. ढकलायला जाणाऱ्याचा उजवा हात बाहेर येतो, म्हणून त्याच्यावर त्या हातावरून जाणारा डावा हुक. आणि जो स्वतः मारतो तो तर तुमच्या ताटात वाढून आला. तुमचे मूळ काम त्याच्यावरच चालते. याची सवय लावण्यासाठी स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीत, एक अट घालावी: बॉक्सरने दोन मिनिटे फक्त हूल द्यायची, ठोसा मारायचा नाही, आणि राउंड संपल्यावर जोडीदाराने काय काय केले ते प्रशिक्षकाला तोंडी सांगायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना काहीच सांगता येत नाही, कारण हूल देताना ते आपल्याच हाताकडे लक्ष ठेवून असतात.

हूल न देता चाल करणाऱ्या काउंटर-पंचरची गत काय होते, ते १८ नोव्हेंबर १९९४ च्या रॉय जोन्स विरुद्ध जेम्स टोनी या लढतीत दिसते. टोनी तोवर अपराजित होता आणि अंगाजवळच्या काउंटरचा उस्ताद होता. जोन्स मात्र स्वतःच काउंटरची वाट पाहत होता आणि शिवाय जास्त चपळ होता, त्यामुळे पुढाकार घेण्याचे काम टोनीवर येऊन पडले. तो पाय ओढत जोन्सच्या मागोमाग चालत राहिला, हात फारसे सुटले नाहीत, आणि तिसऱ्या राउंडमध्ये जोन्सच्या उडत्या डाव्या हुकने तो खाली बसला. निकाल एकमताने जोन्सच्या बाजूने लागला. टोनीपाशी कौशल्य भरपूर होते, पण जोन्सला हात उगारायला लावील असे त्याने काहीच केले नाही.

पाचवी पायरी: आमिष आणि दुसरा डाव

आता मुख्य भाग. तुम्ही असा जॅब मारता की समोरच्याला त्यावर काउंटर मारण्याचा मोह व्हावा, तो मारतो, तुम्ही तो आधीपासून अपेक्षित धरला असल्याने चुकवता आणि त्यावर तुमचा काउंटर जातो. तुमचा पहिला ठोसा पूर्ण ताकदीचा नसतो, साठ-सत्तर टक्के असतो, पण पोचण्याइतका लांब असतो. न पोचणाऱ्या ठोशाला कोणी उत्तर देत नाही.

समजा समोरचा तुमच्या जॅबवरून उजवा हात सोडतो. हा सर्वांत नेहमीचा काउंटर आहे. जॅब परत येत असतानाच गुडघे किंचित वाकवून डोके डावीकडे, त्याच्या उजव्या हाताच्या बाहेर न्या. आता तुमचे वजन डाव्या पायावर आहे आणि त्याची उजवी बगल उघडी आहे. तिच्याखालीच यकृत असते. डावा हुक बरगडीच्या खालच्या कडेला, लगेच दुसरा डावा हुक हनुवटीला, आणि मागोमाग उजवा सरळ. तीन ठोसे झाले की बाहेर.

तो जॅबला जॅबने उत्तर देत असेल तर डोके उजवीकडे, त्याच्या डाव्या हाताच्या बाहेर. वजन उजव्या पायावर येते आणि उजवा हात त्याच्या पोटात किंवा त्याच्या जॅबवरून चेहऱ्यावर जातो. तो डाव्या हुकची वाट पाहणारा असेल तर आमिष म्हणून उजव्या हाताची अर्धी हूल द्या, पण ती देताना आणि नंतरही उजवा ग्लव्ह कानापासून हलू देऊ नका. त्याचा हुक ग्लव्हवर घ्या आणि आतून आपला आखूड डावा हुक सोडा.

पॅडवरचा सराव असा घ्यावा. प्रशिक्षकाने पहिल्या आठवड्यात एकच उत्तर द्यावे आणि ते आधी सांगावे: "तुझ्या जॅबवर माझा उजवा येणार." बॉक्सरने संथ गतीने तीन मिनिटे तेवढेच करावे. दुसऱ्या आठवड्यात दोन उत्तरे, न सांगता. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही, आणि मध्येच कधी काहीच उत्तर न देणे. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण उत्तर आले नाही तर बॉक्सर चुकवण्याची हालचाल हवेतच करून बसतो आणि त्या क्षणी उघडा पडतो. उत्तर आले नाही तर दुसरा जॅब, एवढाच नियम पाठ असावा. स्पॅरिंगमध्ये हा डाव अर्ध्या ताकदीनेच, हेडगार्ड घालूनच खेळावा. मुद्दाम ठोसा ओढून घेण्याच्या सरावात डोक्याला मार बसण्याचा संभव नेहमीपेक्षा जास्त असतो, आणि डोके दुखले, गरगरले किंवा उलटीची भावना झाली तर त्या मुलाचे स्पॅरिंग त्याच दिवशी बंद करून त्याला डॉक्टरकडे न्यावे.

आमिष उलटते तेव्हा काय होते याचे उदाहरण ८ डिसेंबर २०१२ चे आहे. मॅनी पॅकियाओ चौथ्यांदा हुआन मान्वेल मार्केझसमोर उभा होता. सहावा राउंड पॅकियाओचा चालला होता, मार्केझ रक्ताळला होता, आणि राउंड संपायला एक सेकंद असताना पॅकियाओ पुढे पाऊल टाकून आत शिरला. मार्केझचा उजवा हात तिथेच थांबलेला होता, आणि त्या एका ठोशाने पॅकियाओ कोसळला. या लढतीकडे आपण बहुधा मार्केझच्या बाजूने पाहतो. चढाई शिकणाऱ्याने ती पॅकियाओच्या पायांकडे पाहून अभ्यासावी. राउंडच्या शेवटच्या दहा सेकंदांत आणखी एक गुण उचलण्याच्या लोभाने आत शिरताना डोके मधल्या रेषेवरच राहते, आणि नेमक्या त्या वेळी समोरचा काउंटर-पंचर सर्वांत सावध असतो.

सहावी पायरी: बाहेर कसे पडायचे

सरळ मागे जाऊ नये. तीन ठोशांनंतर दोनच वाटा आहेत. एक, इतके जवळ जाणे की समोरच्याला हात लांबवताच येणार नाहीत. दुसरी, पुढच्या पायाच्या चवड्यावर फिरून त्याच्या समोरच्या रेषेतून बाजूला होणे. फिरून झाल्यावर लगेच पळायचे नाही, जॅबच्या अंतरावर थांबायचे. तुम्ही बाजूला गेलात की समोरचा तुमच्याकडे वळतो आणि वळता वळता हात चालवतो. तो हात म्हणजे न मागता मिळालेले आमिष असते.

सातवी पायरी: रिंग कापणे

स्पर्धेची रिंग दोरांच्या आत ६.१० मीटर लांब आणि तेवढीच रुंद असते. त्यात सतत सरकणाऱ्याच्या मागोमाग गेलात तर तो तुम्हाला अख्खी संध्याकाळ फिरवील. तो जिथे आहे तिथे जायचे नसते. तो जिथे जाणार आहे तिथे आधी पोचायचे असते. तो तुमच्या डावीकडे सरकत असेल तर डावा पाय आधी डावीकडे आणि वाट अडवायला डावा हुक. उजवीकडे सरकत असेल तर उजवा पाय आधी आणि उजवा हात. त्याला कोपऱ्यात ढकलायचे असेल तर मधली जागा सोडू नका, तो मोठे वर्तुळ फिरेल आणि तुम्ही लहान. सरावाला रिंग मोकळी मिळत नसेल तर जमिनीवर तेवढा चौकोन आखून, एकाने फक्त पळायचे आणि दुसऱ्याने हात न उचलता त्याला कोपऱ्यात कोंडायचे, असा खेळ घ्यावा.

हे जमले नाही तर कौशल्य असूनही राउंड जातात. नोनितो डोनेर हा डाव्या हुकच्या काउंटरसाठी नावाजलेला बॉक्सर. १३ एप्रिल २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये गिल्येर्मो रिगोंदोने त्याला पाठलाग करायला लावले. डोनेरने दहाव्या राउंडमध्ये रिगोंदोला खाली पाडलेही, पण बाकीचा बराच वेळ तो त्याच्या मागे सरळ रेषेत चालत राहिला आणि निर्णय एकमताने रिगोंदोकडे गेला. याउलट कानेलो अल्वारेझने गेनादी गोलोवकिनविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत, १५ सप्टेंबर २०१८ रोजी, स्वतः मधोमध उभे राहून पावले टाकली, त्या प्रसिद्ध दबावखोराला मागच्या पायावर जायला लावले आणि त्याच्या शरीरावर सातत्याने मारा केला. पहिली लढत बरोबरीत सुटली होती. ही त्याने ११५-११३, ११५-११३, ११४-११४ अशी निसटती घेतली. पुढे चालतानाही त्याचे डोके सतत हलत होते आणि ठोसे चुकवणे थांबले नव्हते, म्हणून हा सामना मुलांना दाखवण्यासारखा आहे.

दम आणि नागपूरचे ऊन

चढाईला काउंटरपेक्षा जास्त दम लागतो, कारण पावले आणि ठोसे दोन्ही वाढतात. सेमिनरी हिल्सचा चढ यासाठी उत्तम आहे: पहाटे वीस सेकंद जोरात चढायचे, चालत उतरायचे, आठ ते दहा वेळा, आठवड्यातून दोनदा. बॅगवर तीन मिनिटांच्या राउंडमध्ये प्रत्येक मिनिटाचे शेवटचे वीस सेकंद सलग ठोसे मारावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि नवतप्यात तर संध्याकाळी सहालाही पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहवत नाही. त्या दिवसांत जोराचा सराव सूर्योदयाच्या वेळी आटोपावा, संध्याकाळी फक्त पावले आणि हूल घ्यावी. वजन उतरवण्यासाठी उन्हात जाड जाकीट घालून धावणे हा प्रकार पूर्ण बंद करावा. पाणी तोडून वजन गटात बसवलेला मुलगा दुसऱ्या राउंडमध्ये चढाई करूच शकत नाही, आणि उष्माघाताचा धोका वेगळाच.

वजनी गटाप्रमाणे प्रमाणही बदलते. हलक्या गटात हूल आणि ठोशांची संख्या जास्त लागते. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये ज्या ८१ किलोंवरील गटात युवा जागतिक सुवर्ण जिंकले, तशा जड गटात एका चढाईत दोनच ठोसे पण पाय रोवून मारलेले, आणि त्यानंतर अंग टेकून जवळ राहणे जास्त फायद्याचे असते.

कोपऱ्यातले एक मिनिट

या मिनिटात प्रशिक्षकाने एकच सूचना द्यावी आणि ती पायाविषयी किंवा हुलीविषयी असावी. "मार, मार" ही सूचना नाही. "दुसऱ्या रेषेवर थांब, दोन जॅब, त्याचा उजवा आला की डावीकडे" ही सूचना आहे. पहिले वीस सेकंद मुलाला श्वास घेऊ द्यावा, पाणी द्यावे, मग बोलावे, आणि उठताना तीच सूचना त्याच्याकडून म्हणवून घ्यावी. प्रेक्षकांत बसलेले काका-मामा काय ओरडतात याकडे त्याने लक्ष देऊ नये, हे आधीच घरी समजावून सांगितलेले बरे.

आघाडी मिळाल्यावर

चढाई फळली आणि समोरचा चिडून स्वतः अंगावर येऊ लागला, की ताबडतोब पहिल्या आणि दुसऱ्या रेषेच्या मध्ये परत जा. आता तो न बोलावता येतो आहे. फक्त एक काळजी घ्यावी: पूर्ण मागे सरकू नये, कारण जज अजून राउंड तोलत असतात, दर वीस-तीस सेकंदांनी एक छोटी चढाई, दोन जॅब आणि उजवा, चालू ठेवावी आणि मधल्या वेळात आपला नेहमीचा खेळ खेळावा. राउंडच्या शेवटच्या दहा सेकंदांत मात्र आत शिरू नये. तिथे हूल द्यावी, त्याला मारू द्यावे, आणि शेवटचा ठोसा काउंटरनेच मारावा.